चौदातला ‘एक’ किती? अकरा ते एकोणीस शिकवण्याबद्दल

पहिलीतल्या मुलापुढे बाटल्यांची सोळा झाकणं ठेवा. मोजून झाली की कागदावर १६ लिहायला सांगा. मग त्यातल्या ६ भोवती गोल काढून विचारा, “ह्या आकड्याची झाकणं कुठली, दाखव.” मूल सहा झाकणं वेगळी करून दाखवेल. आता १ भोवती गोल काढा आणि हेच विचारा. पुष्कळ मुलं एक झाकण उचलून दाखवतात. उरलेली नऊ तशीच पडून राहतात आणि त्याचं मुलाला काही वाटत नाही.

मुलांचा विचार कसा वाढतो याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या विचारधारेतल्या संशोधक कॉन्स्टन्स कामी यांनी १९८० च्या दशकात ही चाचणी शिक्षकांपर्यंत पोचवली. दोन मिनिटांत होते, खर्च काही नाही, आणि वहीत जे कधीच दिसत नाही ते ती दाखवते. कारण हेच मूल वहीत ‘१६ = १ दशक ६ एकक’ अगदी बरोबर भरतं. ते भरणं अवघड नसतंच. डावीकडचा आकडा ‘द’ खाली, उजवीकडचा ‘ए’ खाली, एवढं लक्षात ठेवलं की काम होतं. दहा म्हणजे किती याचा त्यात संबंध येत नाही. म्हणून दशक-एककाचा हा तक्ता बरोबर भरला यावरून स्थानिक किंमत, म्हणजे आकड्याची त्याच्या जागेवरून ठरणारी किंमत, समजली असं धरू नये. आणि शिकवण्याची सुरुवात तर या तक्त्यापासून मुळीच करू नये.

मुलाला समजायचं असतं ते हे: दहा सुट्या वस्तू एकत्र बांधल्या की त्यांना ‘एक’ म्हणून मोजता येतं, आणि तसं मोजलं तरी त्या दहाच राहतात. मोठ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात शिकवण्यासारखं काही आहे हेच सुचत नाही. सहा वर्षांच्या मुलाने आजवर एक बोट, एक वस्तू, एक अंक असं मोजलेलं असतं. त्याच्यासाठी तीच गोष्ट एकाच वेळी एकही आणि दहाही असणं हे मोठं पाऊल आहे. अकरा ते एकोणीस या नऊ संख्यांत हे पाऊल सर्वांत सोपं पडतं, कारण इथे गठ्ठा एकच असतो. गठ्ठे मोजायचे नसतात, फक्त गठ्ठ्याकडे नव्या नजरेने पाहायचं असतं. या नऊ संख्यांना रोजची पंधरा-वीस मिनिटं धरून दोन-तीन आठवडे द्यावेत. पहिलीच्या वर्षात हा वेळ वाया गेला असं वाटण्याचं कारण नाही.

नावातून काय ऐकू येतं

जपानीत दहाला ‘जू’ आणि एकाला ‘इची’ म्हणतात, आणि अकराला ‘जूइची’. चिनी आणि कोरियन भाषांतही तसंच, दहा-एक, दहा-दोन. तिथलं मूल संख्येचं नाव घेतं तेव्हाच तिची फोड सांगत असतं. आपल्याकडे एकादश, द्वादश, त्रयोदश झिजत झिजत अकरा, बारा, तेरा झाले. शेवटच्या ‘रा’मध्ये ‘दश’ दडलेला आहे, पण मुलाच्या कानाला तो लागत नाही. म्हणजे मुलापुरता नावातून दहा पूर्ण नाहीसा झालेला आहे.

एकक मात्र काही नावांत ऐकू येतो. चौदातला चौ, सतरातला सात आणि अठरातला आठ मुलं स्वतःहून ओळखतात. तेरातला तीन आणि पंधरातला पाच थोडं सुचवलं की लक्षात येतात. बारा, सोळा आणि अकरा यांत मुलाला हाती लागावं असं काही नाही. एकोणीसची गोष्ट आणखी वेगळी. ती पुढे येईल.

दुसरी अडचण क्रमाची. आपण बोलतो तेव्हा एकक आधी येतो आणि दशक नंतर; लिहितो तेव्हा उलट. ‘चौदा’ ऐकून मूल आधी ४ लिहितं आणि मग १, आणि कागदावर ४१ उमटतं. इंग्रजीत हा उलटा क्रम थर्टीन ते नाइन्टीन एवढ्यापुरता आहे, ट्वेन्टी-वनपासून तो सरळ होतो. मराठीत तो पंचेचाळीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव असा थेट नव्व्याण्णवपर्यंत जातो. त्यामुळे चौदाला जी सवय लागते ती पुढच्या सगळ्या संख्यांना पुरते, चांगली असो की वाईट.

या नावांचा त्रास नवा नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशाही वाचायला दिल्या, आणि त्यावरून वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत वाद झाला. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या बदलाच्या बाजूने आणि विरुद्ध बरंच बोललं गेलं. पण बदल एकवीसपासून पुढचा होता; अकरा ते एकोणीस ही नावं जशी होती तशीच आहेत, आणि दशकाची पहिली ओळख तर याच नावांतून होते.

यावर उपाय नावं बदलण्याचा नाही. मुलाला घरी, बाजारात, आजीच्या तोंडून ‘चौदा’च ऐकू येणार. उपाय असा की वर्गात काही आठवडे प्रत्येक संख्या दोनदा म्हणायची: “चौदा, म्हणजे दहा आणि चार.” “सतरा, म्हणजे दहा आणि सात.” शिक्षकाने म्हणायचं, मुलांनी म्हणायचं, पण दर वेळी समोर वस्तू असताना. नुसतं तालात म्हणून घेतलं तर त्याची कविता होते, आणि कवितेत कुणी दहा मोजत नाही.

क्रमाबद्दल एक स्पष्ट मत. मुलांना एक ते वीस पाठ असतातच, त्यामुळे समजावताना अकरापासूनच सुरुवात केली पाहिजे असं काही नाही. अकरा ही सुरुवातीला घेण्यासाठी सर्वांत वाईट संख्या आहे. नावातून काही कळत नाही, आणि लिहिताना दोन्ही आकडे १, त्यामुळे कुठला १ दहाचा आणि कुठला एकाचा हे मूल सांगू शकत नाही. चौदा, सतरा, अठरा आधी घ्या. मग तेरा आणि पंधरा. मग बारा आणि सोळा. अकरा त्यानंतर, आणि एकोणीस सर्वांत शेवटी.

गठ्ठा मुलाने स्वतः बांधायचा

दर मुलामागे वीस काड्या आणि दोन रबरबँड लागतात. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या चांगल्या, कारण दहाचा गठ्ठा मुठीत नीट मावतो. त्या नसतील तर खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या कापून घ्या आणि टोकं बोथट करा. आगकाड्या गुल काढल्याशिवाय देऊ नयेत. रबरबँड फार लहान घेतला तर मुलांच्या बोटांना ताणता येत नाही आणि तासाचा अर्धा वेळ त्यातच जातो. दोन वेढ्यांत घट्ट बसेल एवढा हवा.

मुलाला चौदा काड्या सुट्या द्या. मोजू द्या. मग दहा मोजून बाजूला काढायला आणि बांधायला सांगा. “गठ्ठ्यात किती?” दहा. “सुट्या किती?” चार. “सगळ्या मिळून किती?” इथे थांबा आणि मूल काय करतं ते बघा. काही मुलं ‘पाच’ म्हणतात, कारण त्यांना समोर पाच वस्तू दिसतात, एक गठ्ठा आणि चार काड्या. काही मुलं गठ्ठा सोडून पुन्हा एकपासून मोजतात. काही गठ्ठ्याला हात लावून ‘दहा’ म्हणतात आणि अकरा, बारा, तेरा, चौदा असं पुढे जातात. काही थोडी मुलं न मोजता चौदा सांगतात.

गठ्ठा सोडणाऱ्या मुलाला अडवू नका. बांधल्यावरही आत दहाच आहेत यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही, आणि तो मोजूनच बसतो. चार-पाच वेळा सोडून मोजलं की ते आपणहून थांबतं. ‘पाच’ म्हणणाऱ्या मुलाला हातांचा फरक करायला शिकवा. गठ्ठ्याला पूर्ण मुठीने धरायचं आणि ‘दहा’ म्हणायचं, सुट्या काडीला एका बोटाने शिवायचं. मूठ आणि बोट यांतला फरक ‘पाच’ म्हणण्याची सवय लवकर मोडतो. तरीही ते ‘पाच’च म्हणत राहिलं तर गठ्ठा सोडा, पुन्हा बांधू द्या, आणि बांधताना मोठ्याने दहापर्यंत मोजून घ्या.

तयार दशकाचे दांडे, म्हणजे दहा खुणांचे प्लॅस्टिकचे किंवा लाकडी तुकडे, आता बऱ्याच शाळांत गणितपेटीत येतात. ते चांगले आहेत, पण पहिल्या आठवड्यात नकोत. तयार दांडा सुटत नाही, त्यामुळे त्यात दहा आहेत हे मुलाला शिक्षकाच्या सांगण्यावरून मानावं लागतं. स्वतः पाच-सहा गठ्ठे बांधून, सोडून, पुन्हा बांधून झाले की मग दांडे द्या. दहाची नोट आणि एकेक रुपयाची नाणी त्याच्याही नंतर. गठ्ठा एका काडीपेक्षा दहापट जाड दिसतो, दांडा एका ठोकळ्यापेक्षा दहापट लांब दिसतो; नोटेत मात्र दहा कुठेच दिसत नाहीत. ते फक्त ठरलेलं असतं. शिवाय घरातले व्यवहार मोबाइलवरून होऊ लागल्यामुळे सुटे पैसे हाताळायची सवयही मुलांना पूर्वीइतकी राहिलेली नाही. पैशाचं उदाहरण मुलांना आपोआप कळेल असं आता गृहीत धरता येत नाही.

पहिल्या आठवड्यात काही लिहायचं नाही. ना आकडे, ना ‘एकक’, ‘दशक’ हे शब्द. ‘गठ्ठा’ आणि ‘सुट्या’ पुरेसे आहेत. पालकांना वही कोरी दिसते आणि ते विचारतात. त्यांना काड्यांचा एक संच घरी द्यावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत चिंचोके, खडे, शिंपले, बिया अशा परिसरातल्या वस्तूंवर शिक्षण उभं केलं. विकतचं साहित्य नाही म्हणून हा विषय अडायचं कारण महाराष्ट्रात तरी नाही.

एक खेळ घरी आणि वर्गात दोन्हीकडे चालतो. दोघा-तिघांत एक फासा. जेवढं दान पडेल तेवढे चिंचोके घ्यायचे. दहा झाले की ते ‘बँके’त जमा करून त्याबदली दहा चिंचोक्यांची बांधलेली पुडी घ्यायची. ज्याच्या आधी दोन पुड्या होतील तो जिंकला. प्रत्येक दानानंतर आपल्याजवळ किती आहेत ते सांगायचं: “दहा आणि तीन, तेरा.” हे सांगणं विसरू देऊ नका, खेळातलं गणित त्यातच आहे. दोन-चार दिवसांनी खेळ उलटा करा. दोन पुड्यांपासून सुरुवात, पडेल तेवढे परत द्यायचे. सुटे संपले की पुडी फोडावी लागते. पुढे वजाबाकीत ‘उसने घेणे’ म्हणून जे येतं ते मूल इथे स्वतःच्या हातांनी करून बसलेलं असतं.

दहाची चौकट आणि एकोणीस

काड्यांबरोबर दुसरं साहित्य हवं ते दहाची चौकट. कागदावर पाच घरांच्या दोन ओळी आखा, प्रत्येक घर ४ सेंटिमीटरचं. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यात आरामात बसतं. अशी एक चौकट २० सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर उंच होते, त्यामुळे ए-फोर कागद उभा धरला की एकाखाली एक दोन चौकटी बसतात. मध्ये बोटभर जागा सोडा. भरण्याचा नियम पक्का ठेवा: वरची चौकट पूर्ण भरल्याशिवाय खालच्या चौकटीला हात लावायचा नाही, आणि ओळ नेहमी डावीकडून भरायची. नियम ढिला ठेवला तर सात इथे सात तिथे असे चौदा पडतात आणि दहा दिसायचा राहतो.

काड्यांमधून ‘बांधणं’ कळतं, चौकटीतून ‘भरणं’ कळतं. वरची चौकट भरली की दहा झाले हे मोजायला लागत नाही, डोळ्यांनाच दिसतं. खालच्या चौकटीत पाच म्हणजे एक पूर्ण ओळ, सात म्हणजे एक ओळ आणि दोन. असं आठवडाभर झालं की मुलाला चौकट दोन सेकंद दाखवून झाकायची आणि किती होते ते विचारायचं. दोन सेकंदांत मोजता येत नाही, म्हणून मूल ‘वरची भरलेली आणि खाली तीन’ असं बघायला लागतं.

एकोणीसला याच चौकटीवर आणायचं. बाकी सगळी नावं दहाच्या पुढे किती ते सांगतात. एकोणीस वीसला एक कमी असं सांगतो. मुलाला त्यात ‘एक’ ऐकू येतो आणि ‘वीस’चा शेवटही ऐकू येतो, नऊ मात्र कुठेच ऐकू येत नाही. म्हणून एकोणीस सांगितल्यावर ११, २१ किंवा २९ लिहिणारी मुलं वर्गात असतातच. यात त्यांचा काही दोष नाही, ती नाव नीट ऐकून लिहितायत. चौकटीत एकोणीस झाकणं ठेवली की दोन्ही गोष्टी एकदम दिसतात: वर दहा, खाली नऊ, आणि शेवटचं एक घर रिकामं. त्या रिकाम्या घरावर बोट ठेवून म्हणा, “विसाला एक कमी, एकोणीस.” मग खालच्या नऊवर हात फिरवून म्हणा, “दहा आणि नऊ, एकोणीस.” एक झाकण टाका, वीस झाले. काढा, पुन्हा एकोणीस. असं आठ-दहा वेळा, दोन-तीन दिवस. एकोणतीस, एकोणचाळीस इथपासून एकोणनव्वदपर्यंत सगळी नावं याच पद्धतीची आहेत, म्हणून एकोणीसवर खर्च केलेला वेळ सात वेळा वसूल होतो.

आकडे लिहिताना

आता आकडे. त्यासाठी एकावर एक बसणारी कार्डं करा. दहाचं कार्ड ८ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच. त्याच्या डाव्या अर्ध्या भागात १, उजव्या अर्ध्या भागात ०. एक ते नऊची कार्डं त्याच्या बरोबर अर्धी, ४ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच. मुलासमोर एक गठ्ठा आणि चार सुट्या काड्या. गठ्ठ्याखाली १० चं कार्ड, सुट्यांखाली ४ चं. मग ४ चं कार्ड उचलून १० मधल्या शून्यावर बसवायचं. १४ दिसतं. कार्ड पुन्हा उचललं की खाली शून्य आहेच, म्हणजे तो १ अजूनही दहाचाच आहे. मुलं हे कार्ड उचलून बघायला विसरत नाहीत, आणि त्यांनी ते हवं तितक्या वेळा बघावं.

इथे चूक होते ती म्हणजे ४ चं कार्ड शून्याच्या पुढे ठेवलं जातं आणि १०४ होतं. मुलाने ‘दहा आणि चार’ ऐकलं, तेच मांडलं. यावर “असं नाही” म्हणण्याऐवजी उजवी कड जुळवायची सवय लावा. सगळ्या कार्डांच्या उजव्या कडेला एकाच रंगाची पट्टी ओढा, आणि पट्टीवर पट्टी बसली पाहिजे असा नियम ठेवा. माँटेसरी वर्गांत सेगाँच्या पाट्या असतात त्याही हेच काम करतात. तिथे दहा छापलेल्या पाटीत आकड्याची पट्टी सरकवून शून्य झाकतात.

स्थानिक किंमतीतलं ‘स्थान’ कळण्यासाठी एक प्रयोग जरूर करावा. मुलाने मेजावर गठ्ठा डावीकडे आणि चार काड्या उजवीकडे ठेवल्या आहेत. त्यांची अदलाबदल करा. “आता किती?” चौदाच. काड्यांना जागेचं काही नाही. गठ्ठा कुठेही ठेवला तरी तो गठ्ठाच दिसतो. आता १४ मधले आकडे सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांची अदलाबदल करा. ४१ झालं. हे किती? चार गठ्ठे आणि एक काडी, ते शेजारी मांडून दाखवा. आकडा गठ्ठ्यासारखा जाड दिसत नाही, म्हणून तो दहाचा की एकाचा हे त्याच्या जागेवरूनच सांगावं लागतं. पुष्कळ वर्गांत मुलाने गठ्ठा उजवीकडे ठेवला की “दशक डावीकडे ठेव” असं सांगून दुरुस्ती होते. त्याने मूल आज्ञा पाळायला शिकतं, पण जागा का महत्त्वाची हे त्याला कळण्याची ती नेमकी वेळ हातची जाते. आणि ही डावी-उजवी दाखवताना मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून पाहिलं की तुमची डावी बाजू मुलाची उजवी होते.

४१ लिहिणाऱ्या मुलाकडे परत येऊ. त्याला गठ्ठा आणि चार काड्या मांडायला सांगा, आणि लिहिताना म्हणायला लावा “चौदा, दहा आणि चार”, मग ‘दहा’ म्हणताना १, ‘चार’ म्हणताना ४. काही मुलं ४ आधी लिहितात आणि १ नंतर त्याच्या डावीकडे आणून ठेवतात. उत्तर बरोबर दिसतं, म्हणून हे वही तपासताना कळत नाही. लिहिताना हाताकडे बघावं लागतं. त्यावर रागावू नये, पण तसंच सोडूही नये, कारण पुढे तीन अंकी संख्यांत जागा सोडून उलटं लिहिणं जमत नाही. चौकोनी वहीच्या दोन घरांत लिहायला दिलं आणि पहिल्या घरावर बारीक ठिपका काढला की आठवड्याभरात हात वळतो.

देवनागरी आकड्यांचा एक वेगळा गोंधळ असतो. ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसतात, १ आणि ९ यांतही लहान मुलांची गल्लत होते. त्यामुळे तेराच्या जागी १६ दिसलं तर ती चूक संख्येची आहे की अक्षराची हे आधी बघा. काड्या मांडायला सांगितल्यावर मुलाने गठ्ठा आणि तीन मांडल्या, तर त्याला संख्या कळलेली आहे. मग वळण गिरवून घ्यायचं, स्थानिक किंमत पुन्हा शिकवायची नाही. शून्याबद्दलही बोलून घ्या. १० आणि २० मधलं शून्य म्हणजे ‘सुट्या नाहीत’. गठ्ठा शेजारी ठेवून, रिकाम्या जागेवर हात ठेवून “इथे एकही नाही” असं म्हटलं की ते लगेच पटतं.

आणि आता, इथे आल्यावर, ‘एकक’ आणि ‘दशक’ हे शब्द द्या. सुट्यांना एकक म्हणतात, गठ्ठ्याला दशक. तक्ताही आता भरू दे.

पुढे जायचं कधी

दहा आणि सात किती, हे विचारल्यावर मुलाने बोटं न मोजता उत्तर दिलं पाहिजे. अठरातून दहा काढले तर किती, हेही. सुरुवातीची सोळा झाकणांची चाचणी पुन्हा घ्यावी, पण संख्या बदलून, तेरा किंवा सतरा. आणि झाकणं एका ढिगात हवीत, आधीच दहा-दहा लावलेली नकोत. १ भोवती गोल काढल्यावर मुलाने दहा झाकणं मोजून दिली तर ते तयार आहे.

तयार झालेल्या मुलाला लगेच एकवीसकडे नेण्याआधी ८ + ५ सारख्या बेरजा द्या. दहाची चौकट पुढे ठेवा. वर आठ, दोन घरं रिकामी. पाचातले दोन वर जातात, तीन खाली राहतात, तेरा. वजाबाकीत १५ – ८: वरच्या दहातून आठ उचला, दोन राहिले, खालचे पाच मिळवा, सात. यात हातचा किंवा उसने हे शब्द येत नाहीत, तरी ते दोन्ही यात आहेत. दुसरीत २८ + ५ आणि ३५ – ८ आलं की फक्त गठ्ठे वाढतात, बाकी काम हेच असतं.

तीन आठवड्यांनंतरही एखादं मूल ‘एक गठ्ठा आणि चार, पाच’ असंच म्हणत असेल तर त्याला आणखी गठ्ठे बांधायला लावून उपयोग नाही. अडचण बहुधा आधीची असते. दहा वस्तू एकदाही न चुकता, एकालाच दोनदा न शिवता मोजतं का ते बघा. मोजून झाल्यावर “किती?” विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतं का? सात वस्तू झाकून, त्यात दोन टाकल्यावर आठ, नऊ असं सातपासून पुढे जातं का? शेवटच्या प्रश्नावर मूल अडखळलं तर आठ-दहा दिवस फक्त तेच घ्या, पाचपासून पुढे, सातपासून पुढे, मग दहापासून पुढे. त्यानंतर काड्या आणि रबरबँड पुन्हा काढा, आणि सुरुवात चौदापासूनच करा.